भिंगरी आत

प्रिय ढब्बू,

परवा तू फोन आपटलास. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, नुसतं बोट टेकवून बंद करावे लागतात, पण तू तो आपटलास हे मला इथे बसून कळलं. तुझा राग मला तू पाळण्यात होतास तेव्हापासून माहीत आहे. त्याआधीचं तुझं वाक्य मात्र कानातून जात नाही. तू म्हणालास, ताई, तुला जमत नसेल तर तसं स्पष्ट सांग, मी येऊन बाबांना घेऊन जातो, पण पोटची मुलगी घरात असताना त्यांना परक्या बाईच्या हवाली करू नकोस. मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं असेल, बोलणार कुठल्या तोंडाने! तसं नव्हतं रे. बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि जे सांगायला हवं होतं ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून हे पत्र. हसू नकोस. घरात पेन शोधायला मला अर्धी दुपार लागली आणि सापडलं ते आईचं, तिच्या शिवणाच्या डब्यात, झाकण चावलेलं. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी एक सांगायला घेते, तू मधेच तोडतोस, मग मी चिडून भलतंच बोलते, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. शिवाय तुझ्या तत्त्वात बसतं, एकदा लिहिलं की बदलत नाही. माझं तुझ्याकडे एक मागणं आहे. ते मी शेवटी मागणार आहे, कारण आधीच मागितलं तर तू म्हणशील, ताईचं डोकं फिरलं. तेव्हा उगाच शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. रहस्यकथांची शेवटची पानं आधी वाचून माझा विरस करायचास तसं इथे चालायचं नाही.

आधी बाबांची खुशाली. खोकला गेला. भूक चांगली आहे, केळं दिलं की सालासकट निरखून मग खातात. नव्या चपला त्यांना आवडल्या नाहीत. जुन्यांचे अंगठे बाहेर आले आहेत, तरी त्याच हव्यात. सकाळी खिडकीत बसतात आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक बसला नावं ठेवतात. ही उशिरा, हिचा ब्रेक कुरकुरतोय, हिचा ड्रायव्हर नवशिक्या. आई गेली हे त्यांना नीट आठवतं. तू कुठे असतोस, काय करतोस, तुझ्या मुलाचा कुठला दात पडला, हेसुद्धा. म्हणूनच तू म्हणतोस ना, की बाबा ठणठणीत आहेत आणि ताई राईचा पर्वत करते. आणि बाबा तुला दर रविवारी सांगतात, भिंगरी फिरकत नाही रे. घरात एक बाई असतात, चांगल्या आहेत बिचाऱ्या, सगळं करतात, पण भिंगरीने काही तोंड दाखवलं नाही. ते तुला नेमकं काय म्हणतात हे मला माहीत आहे. कसं माहीत, ते पुढे येईल. आत्ता एवढंच सांगते की बाबा खोटं बोलत नाहीत. आणि मी कुठेही गेलेली नाही, हेही तितकंच खरं आहे.

दोघंही खरं बोलतायत आणि तरी भांडण मिटत नाही, असं आपण आधी एकदा पाहिलेलं आहे. तुला आपला डेपोचा कंप्युटर-प्रोग्राम आठवतो?

बाबांचा डेपो मला आधी आठवतो. काचेची केबिन, तीत कंट्रोलर म्हणून बसलेले बाबा, मागच्या भिंतीवर तो मोठा फळा आणि त्यावर बसांच्या नंबरांचे पत्र्याचे बिल्ले. बस फाटकातून आली की फाटकावरचा माणूस ओरडायचा, बारा आत! बाबा केबिनमधून परत म्हणायचे, बारा आत, आणि मगच बिल्ला हलवायचे. त्यांनी परत म्हटल्याशिवाय ड्रायव्हरने सीटवरून उठायचं नाही, अशी शिस्त. नुसतं ओरडून बस आत येत नसते, ऐकणाऱ्याने ऐकल्याचं सांगावं लागतं, हे बाबांचं लाडकं वाक्य. आणि हे खूळ त्यांनी घरी आणलं. शाळेतून आलं की दारातूनच ओरडायचं, भिंगरी आत! ढब्बू आत! आई हातातलं काम न सोडता स्वयंपाकघरातून परत म्हणायची, भिंगरी आत, ढब्बू आत. तिने म्हटलं की मग दप्तर टाकायचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा आईला विचारलं होतं, तुमच्याकडे रोज इतकं काय आत येतं हो? तू तर मोठा झाल्यावरही, मित्रांसमोर लाज वाटायला लागल्यावरही, दारात हळूच पुटपुटायचास. आई तेही परत म्हणायची, मुद्दाम मोठ्याने.

मग आपण दोघं कंप्युटरच्या एकाच धंद्यात पडलो आणि तुला प्रोग्राम लिहायची ती भाषा सापडली. जेवतानासुद्धा तू तिच्यावरच बोलायचास. आईने तिचं नाव सोवळी ठेवलं, कारण तू म्हणालास की या भाषेत एकदा ठेवलेल्या गोष्टीला पुन्हा कुणी हात लावायचा नसतो. बारा नंबर शेडमध्ये आहे असं लिहिलं की ते कायमचं. बस बाहेर गेली तर ती ओळ खोडायची नाही. बस बाहेर असलेलं अख्ख्या डेपोचं नवं चित्र करायचं, आणि जुनं होतं तसं राहू द्यायचं. प्रोग्राममधल्या प्रत्येक कामाने मागच्याकडून चित्र घ्यायचं, आपल्यापुरता फरक केलेलं नवं चित्र पुढच्याच्या हाती द्यायचं, असं हातोहात. ज्याचं काम नुसतं घड्याळ बघण्याचं, त्यानेही सगळा डेपो हातात धरून पुढे सरकवायचा. आई म्हणाली, म्हणजे चिमूटभर मीठ वाढायला निघालेल्याने अख्खा स्वयंपाक डोक्यावर घेऊन फिरायचं की काय! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू मात्र रागावलास. तुझं म्हणणं होतं की यात कुणी गुपचूप काही बदलू शकत नाही, काय कुठून आलं ते कायम दिसतं, आणि जुनं कधी हरवत नाही. तेव्हा मला हा नुसता तुझा हट्ट वाटला होता. हल्ली मी त्या शेवटच्या गोष्टीचा फार विचार करते.

मी पडले आळशी. बाबांच्या फळ्याऐवजी डेपोत लावायचा प्रोग्राम आपण लिहायला घेतला तेव्हा तुझं हातोहात मला जड झालं, म्हणून मी एक डबा केला. सगळ्यांच्या वर, सगळ्यांना दिसेल असा एकच. डेपोचं चालू चित्र त्यात. ज्याला लागेल त्याने उघडावं, बघावं, बदलावं, बाबांच्या फळ्यासारखं. सोवळ्या भाषेत असा डबा करायला एक चोरवाट आहे, आणि तिच्या नावातच ‘असुरक्षित’ असं लिहिलेलं आहे. तू आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाहीस. त्या डब्याच्या डोक्यावर मी एक ओळ लिहून ठेवली होती. दिसायला साधा शेरा, आपण माणसं माणसांसाठी लिहून ठेवतो तसा. पण तो शेरा नव्हता. आपलं लिहिलेलं मशीनच्या बोलीत उतरवणाऱ्या कंपायलरला ती ताकीद होती, की हे नाव आहे तसंच ठेव, जागोजागी उलगडून लिहू नकोस. तू साफसफाई काढलीस आणि ती ओळ उडवलीस. शहाण्या, त्या वाटेने तू कधी गेलाच नव्हतास, तुला तिथली पाटी कशी ओळखू येणार?

कंपायलरचंही काही चुकलं नाही. सोवळ्या भाषेत नाव आणि नावाचा अर्थ एकच. नावाच्या जागी अर्थ लिहिला तर फरक पडायला नको. त्याने फाटकाच्या भागात ‘डबा’ दिसला तिथे लिहिलं, एक नवा डबा कर. केबिनच्या भागात दिसला तिथेही लिहिलं, एक नवा डबा कर. झाले दोन डबे! फाटक आपल्या डब्यात इमानेइतबारे बसा टाकत राहिलं, आणि केबिन आपल्या रिकाम्या डब्यात इमानेइतबारे बघत राहिली. कुठे चूक दिसली नाही की तक्रार आली नाही. फाटकावरचा माणूस ओरडत होता, अहो, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही! आणि केबिनमधला नवा कंट्रोलर त्याच्यावर ओरडत होता, इथे एक बस नाही, झोपा काढताय का? बाबांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष. ते दोघांच्या मधे उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि साहेबांना म्हणाले, माझ्या पोरांनी एका डेपोचे दोन केले, आणि तुम्ही अजून तक्रार करता! कारण सापडलं तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तू म्हणालास, मला वाटलं ती नुसती बडबड आहे, काढली तर काय बिघडतंय.

आता त्या बाईविषयी. तुला ती घरात असलेली खुपते, तेव्हा ती काय करते ते ऐक. सकाळी बाबांचं तोंड धुऊन देते. त्यांची दाढी करते. आधी भीती वाटायची, आता जमतं. आंघोळीला त्यांना संकोच वाटतो म्हणून पाठ करून उभी राहते आणि साबण मागे देते. त्यांची नखं कापते, कानात औषध घालते. ते खिडकीत असले की शेजारी बसून आपलं ऑफिसचं काम करते, आणि मधूनच ती बस उशिरा आहे का, असं विचारते, म्हणजे त्यांना बोलायला मिळावं. बाबांची तिच्यावर माया आहे. केळ्यातलं अर्धं तिच्यासाठी ठेवतात. दिवस कलला की त्यांना तिची काळजी लागते. म्हणतात, बाई, निघा आता, अंधार व्हायच्या आत घरी पोचा, तुमचे वडील वाट बघत असतील. मग ती पिशवी घेते, चपला घालते, दार ओढून घेते आणि जिन्याच्या पायरीवर बसते. थोडा वेळ थांबून परत आत जाते. बाबा म्हणतात, अरे वा, आज लवकर आलात!

ढब्बू, ती बाई मी आहे.

हे वाक्य मी अजून कुणापुढे बोललेली नाही. बाबा मला ओळखत नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनासुद्धा मी म्हटलं नाही, त्यांनाच ते बाबांच्या बोलण्यातून कळलं. त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी, रोज समोर असलेल्या चेहऱ्याला नाव चिकटत नाही. तुमच्या भावाचा फोनवर नुसता आवाज येतो, चेहरा नसतो, म्हणून तो त्यांच्या आठवणीत आपल्या जागी जाऊन बसतो. त्यांनी हे चांगल्या मनानेच सांगितलं. मला मात्र तुझा इतका हेवा वाटला की घरी येईपर्यंत मी रस्त्याने रडत आले. तुझे दात पडले तेव्हा तुला मी माझा खाऊ देत होते, तुझ्या शाळेत मी भांडायला जात होते, आणि आता बाबांनी ओळखणं तेवढं तुझ्या वाट्याला आलं.

रविवारी तुझा फोन लागला की बाबांच्या हातात तो ठरत नाही, म्हणून मीच धरते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवते. तू खोलीभर बोलत असतोस आणि ते माझ्याकडे बघत, माझ्या हातातल्या फोनमध्ये तुला सांगतात, भिंगरीने काही तोंड दाखवलं नाही रे, काही चुकलं का माझं? तू तिला विचार, रागावली आहे का म्हणावं. मी फोन धरून उभी असते. फोन बाईंनीच धरलाय असं तुला वाटतं, आणि मीही तोंड उघडत नाही; उघडलं तर रडेन. गेल्या खेपेला फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, बाई, तुम्ही त्यांना सांभाळता, उपकार आहेत तुमचे. इतकं गोड तू माझ्याशी कधी बोलला होतास रे!

मी काही हातावर हात ठेवून बसले नाही. आधी फोटो दाखवला, डेपोच्या फाटकावरचा, मी दोन वेण्या घातलेली आणि तू माझ्या फ्रॉकला लोंबकळलेला. बाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, ही माझी भिंगरी! एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. तुम्ही ओळखता हिला? मी म्हटलं, थोडीफार. तर म्हणाले, भेटली तर सांगा, म्हाताऱ्याला एकदा भेटून जा म्हणावं. मग तुझी पद्धत करून बघितली. रोज सकाळी सगळं चित्र त्यांच्या हाती द्यायचं: हे घर, आई गेली, ढब्बू लांब असतो, आणि मी भिंगरी, मोठी झाले, केस पिकले, चष्मा लागला, पण मीच. ते मान डोलवून घ्यायचे. दुपारपर्यंत मी पुन्हा बाई. तरी मी देत राहिले. आणि एका सकाळी त्यांना ते खरंच पटलं. त्यांनी माझा चेहरा निरखला आणि ते रडायला लागले. म्हणाले, म्हणजे मी माझ्या पोरीला ओळखलं नाही? अख्ख्या डेपोच्या बसा आवाजावरून ओळखणारा मी? ते जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांना आपण का रडलो ते आठवत नव्हतं, पण रडू थांबत नव्हतं. कारण पुसलं गेलं आणि दुःख तेवढं राहिलं. त्या दिवसापासून मी चित्र द्यायचं बंद केलं. मी भिंगरी आहे हे पटवण्यासाठी त्यांना एवढं रडवायचं असेल, तर मी बाई म्हणून बरी आहे.

पण बरी नाही रे मी. खोटं कशाला सांगू! गेल्या आठवड्यात मी दूध आणायला खाली गेले होते. परत येताना जिन्यात काय मनात आलं कोण जाणे, दारातून लहानपणीसारखी ओरडले, भिंगरी आत! बाबा खुर्चीत ताठ बसले. चेहरा असा फुलला की मी तो आई गेल्यापासून पाहिला नव्हता. आली? असं म्हणाले आणि दाराकडे बघायला लागले. दारात मीच उभी होते. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मान इकडून, मान तिकडून. मग मला म्हणाले, बाई, जरा बाजूला होता का? आणि थोड्या वेळाने, जिन्यात असेल हो, बघा ना जरा, तिला दम लागतो चढताना. मी दुधाची पिशवी खाली ठेवली आणि जिन्यात गेले. खालपर्यंत गेले. काय शोधत होते मी? परत वर आले, तर ते अजून तसेच दाराकडे तोंड करून. मी म्हटलं, कुणी नाही हो. ते म्हणाले, असू दे, तुम्ही दमलात, बसा. आणि केळं अर्धं केलं.

तेव्हा मला आई आठवली. ती दिवसभर आपली नावं घ्यायची. भिंगरी, बाबांचा चष्मा दे. अहो, भिंगरी काय म्हणतेय बघा. ते भिंगरीला विचारा. आपण तिला चिडवायचो, रेडिओ सुरू झाला म्हणायचो. नुसती बडबड वाटायची ना ती, काढली तर काय बिघडतंय अशी? ती गेल्यावर या घरात माझ्याकडे बघून माझं नाव कुणी घेतलेलं नाही. दोन माणसांच्या घरात नाव लागतं कुठे? बाबा म्हणायचे अगं, मी म्हणायची हं, भागायचं. त्या ‘अगं’चं ‘अहो बाई’ केव्हा झालं ते मला कळलंसुद्धा नाही. आणि तू म्हणायचास ते खरं आहे, जुनं काही हरवलेलं नाही. दोन वेण्यांची भिंगरी बाबांकडे जशीच्या तशी आहे, केसालाही धक्का नाही. मी एवढं जे रोज करते, ते सगळं दुसऱ्याच डब्यात पडतंय, आणि ते आपल्या रिकाम्या डब्यात बघून तुला सांगतायत, पोरगी आली नाही.

तेव्हा माझं मागणं ऐक. बाबांना न्यायचं की नाही ते तू आलास की ठरवू, तेव्हा मी तुझ्याशी मनसोक्त भांडेन. हे पत्र त्यासाठी नाही, आणि मी किती करते हे तुला पटावं म्हणूनही नाही. येत्या रविवारी तुझा फोन आला की मी तो बाबांच्या पुढ्यात रेडिओला टेकवून ठेवीन आणि जिन्यात जाऊन उभी राहीन. तुम्ही दोघं बोलत असताना मी दार उघडून ओरडेन, भिंगरी आत! त्या क्षणी जे काय बोलत असशील ते सोड, आणि तिकडून मोठ्याने, बाबांना स्वच्छ ऐकू जाईल असं परत म्हण, भिंगरी आत. आई म्हणायची तसं. तुझ्या हातून गेलेलं अजून त्यांच्या त्या डब्यात पडतं, माझ्या हातून पडत नाही. कदाचित ते माझ्याकडे बघतील. कदाचित माझ्या मागेच बघत बसतील. तसं झालं तर पुढच्या रविवारी पुन्हा म्हण, आणि त्याच्या पुढच्या. नुसतं ओरडून कुणी आत येत नसतं, ऐकणाऱ्याने म्हणावं लागतं. मी ओरडून ओरडून दमले रे ढब्बू. मी घरातच आहे. तू एकदा म्हण.

तुझीच,
भिंगरी